अंगठ्याचं मशीन, निफाडच्या थंडीत

ज्यांना सेवा केंद्र टाकायचंय किंवा जुनं बायोमेट्रिक मशीन, म्हणजे बोटाचा ठसा आधारच्या नोंदीशी जुळवायला घेणारं यंत्र, बदलायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही. एल-वन या नव्या प्रकारातली वेगवेगळी मशिनं वापरून झाली, त्यांच्यात उन्नीस-बीसचाच फरक आहे. किंमत तीन हजारांच्या आतबाहेर. आरडी सर्व्हिसचं, म्हणजे मशीन आधारशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नूतनीकरण पुढे वेगळं करावं लागतं, तो खर्च दुकानदार आधी सांगत नाही, तेव्हा विचारून घ्या.

मशीन म्हणून वस्तू चोख आहे. काचेखाली प्रिझम असतो. बोटाच्या रेषांचे उंचवटे काचेला टेकतात तिथे प्रकाश परत फिरत नाही, मधल्या खाचांतून फिरतो, आणि त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फोटो निघतो. त्यातून रेष कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, तेवढे बिंदू उचलले जातात. जुन्या एल-झिरो मशिनांत हा माल आधी कॉम्प्युटरवर यायचा आणि तिथे कुलूपबंद व्हायचा. एल-वनमध्ये कुलूप मशीनच्या पोटातच लागतं, त्यामुळे ठसा मधल्यामध्ये कुणी साठवून ठेवेल ही भीती बरीच कमी झाली. दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवायचे आणि लोकांच्या खात्यातून पैसे काढायचे, असे प्रकार काही राज्यांत उघडकीस आले होते. २०२३पासून आधार प्राधिकरण बिंदूंबरोबर बोटाचा फोटोही तपासतं आणि बोट जिवंत आहे ना ते बघतं. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार नोव्हेंबरात सुरू होते. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायचा, हयातीच्या दाखल्याचा महिना, आणि आमच्याकडे थंडीचा. निफाडची थंडी पेपरात येते ती उगाच नाही. कातडी कोरडी पडते, बोटांना चिरा जातात, उंचवटे काचेला नीट टेकत नाहीत. त्यात हा द्राक्षाचा पट्टा. ज्या बायकांनी आयुष्यभर बागेत डिपिंग-थिनिंग केलं, म्हणजे घड औषधात बुडवले, मणी विरळ केले, कांदे खांडले, त्यांच्या अंगठ्यावर रेषा शोधाव्या लागतात.

एक आजी येतात, नवरा फौजेत होता, कुटुंब पेन्शन आहे. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, खातं, ओटीपी, सगळं बरोबर भरून झालं आणि अंगठ्याला येऊन गाडी अडली. स्क्रीनवर कोड ३००, म्हणजे ठसा जुळला नाही. मी म्हटलं, आजी, बोट जरा केसांवरून फिरवा, तेल लागू द्या. परत ३००. ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून पाहिलं. मग चहाचा गरम ग्लास हातात धरायला दिला. तर्जनी लावली, मधलं बोट लावलं. आजी शांतपणे म्हणाल्या, "अंगठा गेला बागेत, बाई. आता काय उमटायचा?" रांगेतल्या निम्म्या लोकांनी त्यांना जन्मभर पाहिलेलं. एकाने सांगितलंसुद्धा, "ताई, माझी सही घ्या, या जिवंत आहेत." त्या सहीसाठी फॉर्मवर रकाना नाही.

ग्राहकाला वाटतं, मशीनने त्याला ओळखलं नाही. खरं म्हणजे ओळखणं हे त्याचं कामच नाही. नोंदणीच्या वेळचा ठसा आणि आत्ताचा ठसा किती सारखे आहेत, याचा एक गुण निघतो. तो ठरवून दिलेल्या रेषेच्या वर गेला तर हो, खाली राहिला तर नाही. रेष वर नेली तर खरी माणसं जास्त अडकणार, खाली आणली तर तोतये जास्त सुटणार. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारं मशीन अजून कुणी केलेलं नाही. म्हणजे कुठली चूक किती सोसायची, हे कुणीतरी माणसानेच ठरवायचं असतं. माझ्या लेखी हा राजकीय प्रश्न आहे, रेशनचा कोटा किती असावा याच्याइतकाच. पण कोट्यावर ग्रामसभेत आवाज चढतो, या रेषेवर कधी चढलेला मी ऐकला नाही. ती सॉफ्टवेअरच्या आत बसलीय ना. २०१८ साली प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. परीक्षेत ८८ म्हणजे पेढे. माझ्या काउंटरवर उरलेले १२ म्हणजे भाडं खर्चून आलेली, परत जाणारी माणसं.

अंगठ्याचा हा खटाटोप आपल्याच देशात सुरू झालाय. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा छाप करारावर घेतला, पुढे हा नाही म्हणू नये म्हणून. ठशांची गणिती वर्गवारी, १०२४ कप्प्यांची, बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या कलकत्त्याच्या दोन पोलिसांचा मोठा हात होता. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं लागलं, एडवर्ड हेन्रीचं. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये भारतीय लोकांना ठसे देऊन परवाना घ्यायची सक्ती झाली, त्याविरुद्ध गांधीजी १९०६पासून लढले आणि १९०८मध्ये जोहान्सबर्गला त्या परवान्यांची होळी झाली. तेच गांधीजी मधल्या काळात, तडजोड झाल्यावर, स्वखुशीने ठसे द्यायला तयार झाले होते. हा तपशील मला फार आवडतो. त्यांचं भांडण शाईशी नव्हतं. आणि आधारचं पहिलं कार्ड दिलं गेलं ते २९ सप्टेंबर २०१० रोजी, इथून फार लांब नाही, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत.

म्हणून मशीन फेकून द्या म्हणू का? नाही. यंत्राच्या आधी ओळख पटवणारी माणसं असायची, आणि त्यांची मर्जी सांभाळावी लागायची. एखाद्या बाईचा दाखला तिचं आडनाव बघून लांबायचा. मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललं जायचं. काच आडनाव बघत नाही, चहापाणी मागत नाही. ज्या गावात कुणी कुणाला ओळखत नाही तिथे गेलेल्या मजुराला तर या अंगठ्याशिवाय स्वतःचेच पैसे मिळत नाहीत. माझा राग आहे तो निकाल नकारार्थी आला की पुढचं दार कुठलं, हे काउंटरवर कुणालाच ठाऊक नसतं याचा. पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा, नोंदवहीत लिहा, असं प्राधिकरणाचं २०१७चं परिपत्रक आहे. २०१८च्या आधार निकालात चार न्यायमूर्तींनी योजना वैध ठरवली. पाचवे, न्या. चंद्रचूड, यांनी वेगळं लिहिलं, आणि त्यांचा एक मुद्दा मला रोज पटतो: संविधानाने दिलेली हमी तंत्रज्ञानाच्या लहरीवर सोडता येत नाही.

आजींचं काम शेवटी चेहऱ्यावर झालं. हयातीच्या दाखल्याचं जीवन प्रमाण ॲप आणि चेहरा आधारशी जुळवणारं आधार फेस आरडी, दोन्ही फुकट आहेत, साधा अँड्रॉइड फोन चालतो. त्यांना दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं, पदर कपाळावरून मागे घ्यायला लावला, डोळे मिचकवायला सांगितले. झालं. हयात ठरल्यावर त्या म्हणाल्या, आता एक चहा पाज.

तर मशीनला पाचपैकी साडेतीन. घ्याच, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर बसू नका. खिडकीसमोर ठेवू नका, काचेवर ऊन पडलं की ठसा बिघडतो. काच सुती कापडाने पुसा, सॅनिटायझर ओतू नका. कोड ८११ आला तर बोटं घासत बसू नका, बायोमेट्रिकची नोंदच सापडत नाहीये, माणसाला सरळ आधार केंद्रात पाठवा. ३३० आला तर त्याने स्वतः किंवा त्याच्या हुशार नातवाने बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं, घरी फोन लावा. आणि कुणी अर्ध्या किमतीत जुनं एल-झिरो गळ्यात मारत असेल तर हात जोडून नको म्हणा.