ठासणीच्या गोळीचा बीसी: पाकिटावरचा आकडा पडताळायला कोणती पद्धत धरावी?

ठासणीच्या बंदुकीसाठी गोळी घेताना नजर आधी पाकिटावरच्या बॅलिस्टिक कोइफिशंटवर, म्हणजे बीसीवर जाते; गोळी हवेचा अडथळा किती चांगला कापते ते हा आकडा सांगतो, जास्त तितका चांगला. तो आकडा रेंजवर तपासायच्या तीन पद्धती चालतात: लक्ष्यावरची घसरण (गोळी किती खाली लागते ते) मोजणं, दोन क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारी यंत्रं) लावणं आणि गोळीवरून परतलेल्या लहरींवरून वेग काढणारं डॉप्लर रडार. यातली सगळ्यात सोपी पद्धत सगळ्यात कच्ची आहे.

दारू जाळण्याआधी एक हिशेब कागदावर करा. गोळीचं वजन ग्रेनमध्ये घेऊन 7,000 ने भागा (7,000 ग्रेन म्हणजे एक पौंड) आणि आलेल्या उत्तराला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागा. सॅबोतली (नळीबाहेर गळून पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोळीतली) गोळी असेल तर व्यास गोळीचा धरायचा, नळीचा नाही; इथे हटकून चूक होते. 0.452 इंची 250 ग्रेनच्या गोळीची ही सेक्शनल डेन्सिटी 0.175 येते. तिला जाहीर बीसीने भागलं की फॉर्म फॅक्टर मिळतो, म्हणजे जी1 नावाच्या प्रमाण गोळीच्या तुलनेत या आकाराला हवा किती अडते ते; कमी तितका आकार चांगला. पाकीट जी1 बीसी 0.250 सांगत असेल तर तो 0.70 होतो. बोथट, पोकळ नाकाच्या पिस्तुली गोळीचा फॉर्म फॅक्टर 1 च्या वर असतो. प्लॅस्टिक टोक आणि सपाट बूड असेल तर साधारण 0.8 ते 0.95. 0.70 यायला लांब निमुळतं नाक हवं, बहुधा बुडाकडेही निमुळतेपणा हवा. हातातली गोळी तशी दिसत नसेल तर आकड्यावर शंका घ्यायला जागा आहे.

आता घसरण. नळीच्या तोंडाशी वेग 1,950 फूट प्रति सेकंद, दुर्बीण नळीपासून दीड इंच वर, झीरो (नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर) 100 यार्डांवर असं धरू. 0.250 आणि 0.200 बीसीच्या गोळ्यांमध्ये 200 यार्डांवर उभ्या घसरणीचा फरक पडतो फक्त सुमारे 1 इंच. 100 यार्डांवरचा झीरो अर्धा इंच चुकला तरी 200 वर तेवढाच फरक दिसतो. म्हणजे बीसी 25 टक्क्यांनी फुगवलेला असला तरी तो झीरोच्या चुकीत आणि ग्रुपच्या (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांच्या) पसाऱ्यात लपून जातो. ‘माझी घसरण बॅलिस्टिक ॲपच्या हिशेबाशी जुळली, म्हणजे बीसी खरा’ हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. खरा फटका दुसरीकडे बसतो: ताशी 10 मैलांच्या आडव्या वाऱ्यात गोळी बाजूला सरकण्यात 200 यार्डांवर पावणेतीन इंचांच्या आसपास फरक पडतो, आणि तिथल्या वेगात सुमारे 110 फूट प्रति सेकंद. गोळी नीट फुलणार की नाही हे त्या वेगावर ठरतं.

दोन क्रोनोग्राफची पद्धत यापेक्षा कितीतरी भरवशाची, पण शिस्त मागणारी. वरच्या उदाहरणात 100 यार्डांवरचा वेग 0.250 ला सुमारे 1,655 आणि 0.200 ला 1,590 येतो. बीसीमागे 1 टक्का म्हणजे जेमतेम 3 फूट प्रति सेकंद. दोन यंत्रांत 15 फुटांचा फरक असेल तर 5 टक्के चूक तिथेच झाली. म्हणून आधी दोन्ही यंत्रं एकामागे एक ठेवून त्यातूनच पाच गोळ्या झाडा, सरासरी फरक लिहून ठेवा, यंत्रांची अदलाबदल करून पुन्हा तपासा. मग एक 100 यार्डांवर न्या आणि त्याच्यापुढे जाड आडोसा लावा. जवळचं यंत्र नळीपासून 20 ते 25 फुटांवर हवं, नाहीतर धूर, न जळलेले कण आणि सॅबोच्या पाकळ्या सेन्सरला फसवतात. मध्ये भोक पाडलेला प्लायवूडचा तक्ता पुढे उभा केला की पाकळ्या बऱ्याच अडतात. प्रत्येक गोळीच्या दोन वेगांची जोडी वेगळी लिहा. दोन सरासऱ्यांवरून बीसी काढला तर एखादं चुकलेलं वाचन सगळ्यांत मिसळून जातं. अंतर एका यंत्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा.

हवेचा दाब जागेवरचाच घ्या. हवामान केंद्राचा आकडा समुद्रसपाटीला जुळवलेला असतो. 3,000 फूट उंचीवर तो भरला तर बीसी खऱ्यापेक्षा सुमारे 10 टक्के जास्त निघतो, आणि पाकिटावरचा फुगवलेला आकडा बरोबर वाटायला लागतो.

डॉप्लर रडारमध्ये दोन यंत्रांच्या तफावतीचा प्रश्नच नाही. एकच यंत्र वाटेतल्या अनेक बिंदूंवर वेग देतं, त्यामुळे वेग उतरताना बीसी कसा बदलतो तेही कळतं. अडचण सॅबोची: सुरुवातीला रडार कधीकधी पाकळ्यांचाच माग धरतं. आलेख अचानक कोसळला तर ते वाचन टाकून द्या. छोटी रडारं साधारण 100 यार्डांच्या आसपास माग सोडतात, त्यापुढे अंदाजच.

तुमची मर्यादा 150 यार्डांची असेल तर या खटाटोपाची गरज नाही; ग्रुप घट्ट देणारी गोळी घ्या. त्यापुढे जायचं असेल तर रडार मिळत असल्यास रडार, नाहीतर दोन क्रोनोग्राफ. घसरण शेवटी, फक्त खात्रीपुरती.

मोजलेला बीसी जाहीर आकड्यापेक्षा 5 टक्के कमी आला तर तो मोजणीच्या चुकीतही बसतो. 10 टक्क्यांहून जास्त कमी आला तर कंपनीला दोष देण्याआधी 100 यार्डांवरच्या कागदावरची भोकं पाहा. ती लंबगोल असतील तर गोळी डुलते आहे: 48 इंचांत एक फेरा देणारी नळी लांब गोळीला पुरेशी फिरकी देत नाही. तीच गोळी 28 किंवा 24 इंचांत फेरा देणाऱ्या नळीतून मोजून बघा. भोकं गोल असतील आणि गोळी मऊ शिशाची असेल, तर दाबाने नाक चेपलं जातं का ते पाहायला दारू 10 ते 15 टक्क्यांनी उतरवून पुन्हा मोजा.