खिशातला डिजिटल काटा (२०० ग्रॅम, ०.०१ ग्रॅम): वर्षभर शिकवणीत वापरल्यावर

कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफांच्या पेठेतल्या) सोनाराकडे असतो त्या जातीचा, पण तळहातावर मावणारा हा काटा मी नववी-दहावीच्या शिकवणीसाठी ऑनलाइन मागवला. साडेपाचशेच्या आसपास पडला. यावरचे बाकीचे रिव्ह्यू चांदी, केशर नाहीतर कॉफी मोजणाऱ्यांचे आहेत. रसायनशास्त्र शिकवायला वापरून कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेत एकूण वजन बदलत नाही), स्थिर प्रमाणाचा नियम, अणुसिद्धांतवाला डाल्टन, आवर्त सारणीवाला मेंडेलीव्ह ही मंडळी पुस्तकात एकेका परिच्छेदात येतात आणि पोरं ती पाठ करून मोकळी होतात. खरं तर यातलं बहुतेक सगळं वजनावरून झालेलं भांडण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं रसायनशास्त्र काट्याच्या जिवावर चाललं. त्यातलं साडेपाचशे रुपयांत किती हाताला लागतं, हे मला बघायचं होतं. बरंच लागतं. आणि जिथे काटा हात टेकतो तिथे शिकवायला आणखी मजा येते.

आधी वस्तूबद्दल. खोक्यात काटा, दोन सेल, पारदर्शक झाकण (तेच उलटं करून ताटली म्हणून वापरायचं) आणि १०० ग्रॅमचं एक वजन. आत लोड सेल म्हणजे एक धातूची पट्टी. भार आला की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल आकड्यात दिसतो. त्यामुळे पट्टीला उष्णता सोसत नाही आणि वारा लागला की आकडा नाचतो. पंखा बंद केल्याशिवाय शेवटचा अंक स्थिर होत नाही. मे महिन्यात पंखा बंद ठेवून वीस पोरांना एका टेबलाभोवती उभं करणं ही स्वतंत्र शिक्षा आहे.

सोबतच्या १०० ग्रॅमच्या वजनावर माझा भरवसा नाही. ओळखीच्या सोनाराच्या शिक्का मारलेल्या काट्यावर ठेवलं तर ते ९९.९४ भरलं. विक्रेत्याला कळवलं, त्याने 'रेटिंग द्या' असा मेसेज पाठवला. घरच्या घरी पडताळायचं असेल तर २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं कोरं नाणं चालतं, ते ६ ग्रॅमचं असतं. आणखी एक ध्यानात ठेवा: वैध मापनशास्त्र खात्याचा शिक्का नसलेला काटा खरेदी-विक्रीला वापरता येत नाही. दुकानासाठी घेणार असाल तर इथेच थांबा.

आता प्रयोग. पहिला खाण्याच्या सोड्याचा. दहा ग्रॅम सोडा स्टीलच्या वाटीत घालून मंद गॅसवर ढवळत तापवायचा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे धुण्याचा सोडा उरतो. हिशेबाने १०.०० चे ६.३१ व्हायला हवेत. आमचे पहिल्या खेपेला ६.४२ आले. पुन्हा तापवल्यावर ६.३३, आणि मग कितीही तापवलं तरी तिथेच. दुसऱ्या गटाला मुद्दाम पाच ग्रॅम दिले, त्यांचे ३.१६ उरले. फळ्यावर दोन्ही भागाकार मांडले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कितीबी घ्या, तेवढंच जातंय की!" फ्रेंच रसायनज्ञ प्रूस्त हेच म्हणत होता. तो स्पेनमध्ये काम करायचा. संयुग खाणीतून आणा नाहीतर प्रयोगशाळेत बनवा, घटकांचं प्रमाण तेच, हे त्याने तांब्याच्या कार्बोनेटवरून दाखवलं. बर्थोलेसारखा मोठा रसायनज्ञ त्याच्या विरोधात होता. हा वाद आठेक वर्षं चालला आणि दोघांनीही तो सभ्यपणे चालवला. तापवून किती वजन घटलं ते मोजायचं आणि घटलेला भाग म्हणजे वायू आहे हे ओळखायचं, ही रीत मात्र त्याहून जुनी. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात मॅग्नेशियाच्या कार्बोनेटवर ती वापरली होती.

मोरचुदाचा प्रयोग याहून देखणा. कृषी सेवा केंद्रात मोरचूद (कॉपर सल्फेट) सहज मिळतं, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी शेतकरी नेतातच. पाच ग्रॅम निळे खडे तापवले की पांढरी भुकटी होते आणि वजन ३.२० वर येतं. छत्तीस टक्के नुसतं पाणी! थेंबभर पाणी टाकलं की परत निळं. फार तापवू नका, आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, मोरचूद विषारी आहे.

या दोन्ही प्रयोगांत काट्याची एक खोड कळते. वाटी गरम असतानाच ताटलीवर ठेवली तर वजन काही शतांश ग्रॅम कमी दिसतं आणि वाटी निवत जाईल तसं वाढत जातं. गरम भांड्याभोवतीची हवा वर चढते आणि भांड्याला उचलू बघते, शिवाय लोड सेलही तापतो. एका मुलीने विचारलं, "मग उष्णतेचं वजन उणे असतंय काय?" असला विचार करणारे लोक युरोपात होते. पदार्थ जळताना त्यातून 'फ्लोजिस्टन' निघून जातो असं तेव्हा मानत. मग धातू जाळल्यावर राख मूळ धातूपेक्षा जड का भरते, याचं उत्तर देताना काहींनी फ्लोजिस्टनला उणे वजन चिकटवलं. फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएने १ नोव्हेंबर १७७२ ला पॅरिसच्या अकादमीकडे एक मोहोरबंद चिठ्ठी ठेवली: गंधक आणि फॉस्फरस जाळले की वजन वाढतं, कारण ते हवा शोषून घेतात. १ ऑगस्ट १७७४ ला इंग्रज रसायनज्ञ प्रीस्टलीने पाऱ्याच्या लाल भस्मावर भिंगातून ऊन पाडून वायू मिळवला खरा, पण तो शेवटपर्यंत फ्लोजिस्टनवालाच राहिला. तोच वायू लाव्हाझिएच्या हिशेबात बसला आणि ऑक्सिजन झाला. गंमत म्हणजे १७८९ च्या त्याच्या पुस्तकातल्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णताही आहेत. तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न अगदीच खुळा नव्हता.

वजन वाढताना बघायचं असेल तर पॉलिशवाले वापरतात ती बारीक पोलादी लोकर आणा. भांडी घासायची तार नको, ती स्टेनलेस असते आणि जळत नाही. लोकर पिंजून सैल करायची, वजन करायचं, काट्यापासून दूर फरशीवर पेटवायची, पूर्ण निवली की पुन्हा ताटलीत. ठिणग्या पडतात, तेवढ्या उचलून घ्याव्या लागतात. आमच्या पाच ग्रॅमचे सहाच्या आसपास होतात. सगळं लोखंड जळत नाही म्हणून आकडा दरवेळी वेगळा, पण वाढ ठरलेली. जळालं की हलकं होतं हे लाकूड-शेणी बघून पक्कं बसलेलं असतं, ते इथे सुटतं.

माझ्या मते या काट्याचे पैसे फुग्याच्या प्रयोगात वसूल झाले. बाटलीत ५० मिली व्हिनेगर, तोंडाला फुगा, फुग्यात २.१ ग्रॅम सोडा. सगळं एकत्र काट्यावर ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबायचं, मग फुगा उभा करायचा. सोडा पडतो, फुगा फुगतो, काहीही बाहेर जात नाही. वजन शून्यच राहिलं पाहिजे. काटा मात्र उणे ०.५५ दाखवतो! "सर, नियम चुकला की!" फुगा गळत नाहीये हे साबणाचं पाणी लावून आम्ही बघितलं.

मग तेवढाच सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून, तेवढंच व्हिनेगर घेतलेल्या सोडावॉटरच्या रिकाम्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं. (याहून जास्त सोडा घालू नका, आणि काचेची बाटली तर अजिबात नको.) बाटली दगडासारखी टणक झाली, आकडा मात्र ०.०१-०.०२ पलीकडे हलला नाही. झाकण सैल केलं, फुस्स झालं, आणि पाऊण ग्रॅमच्या आसपास वजन गेलं. म्हणजे नियम शाबूत. फुग्याने अर्धा लिटर जागा जास्त व्यापली, तेवढी हवा बाजूला सारली, आणि त्या हवेच्या वजनाइतकं त्याला वर उचललं गेलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे एक लिटर हवा १.१ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे अर्ध्या लिटरची साडेपाच दशांश. आकडा बरोबर जुळला. हवेला वजन असतं हे वाक्य पोरं पाचवीपासून लिहीत आलीत, ते त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

इथून ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेवर जाता येतं. वायूंची घनता मोजताना त्याच्या लक्षात आलं की काचेच्या गोळ्यातली हवा उपसली की गोळा किंचित आक्रसतो, आणि ती दुरुस्ती धरली नाही तर वजन चुकतं. आमच्या फुग्याचीच उलटी बाजू. इतकी काळजी घेऊनही हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम आणि रासायनिक रीतीने बनवलेला १.२५०५ ग्रॅम भरत होता. फरक सात मिलिग्रॅमहूनही कमी. आपल्या काट्याचा शेवटचा अंक १० मिलिग्रॅमचा, म्हणजे इथे तो फरक दिसलाच नसता. त्या फरकात आरगॉन लपला होता. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी तो जाहीर केला आणि १९०४ ला दोघांना नोबेल मिळालं, एकाला भौतिकीचं, दुसऱ्याला रसायनाचं.

दहावीला आवर्त सारणी शिकवताना घनता काढायलाही काटा कामी येतो. प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घेऊन ताटलीवर ठेवायचं, टेअर दाबायचं, वस्तू दोऱ्याने पाण्यात लोंबती धरायची, तळाला टेकू द्यायची नाही. जो आकडा येईल ते तिचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान. हुपरीच्या एका पोराने चांदीचं नाणं आणलं. वजन १०.०२, पाण्यात ०.९७, घनता १०.३. शुद्ध चांदीची १०.५. हे नाणं कमी टंचाचं आहे असं मात्र या काट्यावरून म्हणता येत नाही, कारण ०.९७ चं ०.९६ झालं तरी उत्तर १०.४ वर जातं. ते पोराला पटवायला वेळ लागला. त्याचा बाप चांदीच्याच धंद्यात.

गॅलियमची गोष्ट इथे सांगायची. १८६९ च्या सारणीत मेंडेलीव्हने ॲल्युमिनियमखाली जागा रिकामी ठेवली होती. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द बॉबॉद्राँला तो धातू सापडला आणि त्याने घनता ४.७ काढली. रशियात बसून, धातू डोळ्यांनी न बघता, मेंडेलीव्हने कळवलं की ती ५.९ च्या जवळपास असली पाहिजे. नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ५.९ आली.

काटा साफ मुका होतो तो डाल्टनपाशी. हायड्रोजन आणि ऑक्सिजन कुठल्या वजनी प्रमाणात जुळतात हे काटा सांगेल, पण पाण्यात हायड्रोजनचे अणू किती हे सांगणार नाही. डाल्टनने एकास एक धरलं आणि ऑक्सिजनचा अणुभार ७ लावला. ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये वाट दाखवली होती (सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच), तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८६० च्या कार्ल्सरूए परिषदेत कॅनिझारोने ती पुन्हा मांडली तेव्हा कुठे अणुभारांचा गोंधळ मिटायला लागला. हे मी फळ्यावरच शिकवतो.

आता तक्रारी. काटा मिनिटभरात आपोआप बंद पडतो आणि टेअर विसरतो. आपोआप बंद पडण्याची ही सोय थांबवायचं बटण नाही. मीठ चिमटीने कण-कण टाकलं तर कितीतरी वेळ ०.०० च दाखवतो, कारण हळूहळू होणारा बदल तो शून्याची सरकण समजून गिळतो. उपाय सोपा: ताटलीत आधी एखादी जड वस्तू ठेवा, नाहीतर जिन्नस एकदम टाका. झाकणाची बिजागरी पहिल्या सहामाहीतच तुटली. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढलं की आमच्याकडे भिंतीसुद्धा ओल धरतात, तेव्हा आकडा सुरू करताच सरकत राहायचा. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवायला लागल्यापासून त्रास कमी झाला.

आठवी ते दहावीसाठी बिनधास्त घ्या. अकरावी-बारावीला अनुमापनाची (टायट्रेशनची) द्रावणं बनवायची असतील तर नको, तिथे किमान ०.००१ चा काटा लागतो आणि तो या किमतीत येत नाही. पाचशे ग्रॅमचं मॉडेल थोडं महाग मिळतं, पण घेताना त्याचा शेवटचा अंक ०.०१ आहे की ०.१ हे वाचून घ्या. खोक्यावर दोन्ही सारखेच दिसतात.