बॅलन्स पाईपच्या नावाखाली 18,500 रुपये गेले, गाडीवाल्यांनो वाचा

गाडी माझी 2018 ची चौदा फुटी आयशर. कोल्हापूरहून गूळ भरून रत्नागिरी, येताना चिरा. भरली गाडी आंबा घाट चढवणं म्हणजे काय, हे या लाईनीतल्या माणसाला सांगायला नको. आधीच्या मालकानं हौसेनं सायलेन्सरच्या मागं दोन फाटे काढून डावी-उजवीकडं दोन टेलपाईप सोडलेत. त्या दोन पायपांनीच माझा घात केला.

हायवेकडेच्या एका गॅरेजात ग्रीसिंगला गाडी लावली होती. मिस्त्री खाली वाकून बघत म्हणाला, "मालक, दोन पाईप हायत खरं, पण मधी बॅलन्स न्हाई. क्रॉसओव्हर टाकूया. घाटात एक गिअर वरनं चढंल आणि लिटरमागं दोन किलोमीटर जास्त मिळतील, माझी गॅरंटी." मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ दाखवले. त्यात दोन्ही पायपांच्या मधे आडवा पाईप जोडत होते, आवाज बदललेला ऐकू येत होता. व्हिडिओ खोटे नव्हते, म्हणून तर मी फसलो. हप्ता तोंडावर आला होता आणि डिझेलात पैसे वाचणार असतील तर कोण नाही म्हणेल?

त्यानं जे सांगितलं नाही ते आता मी सांगतो. तो पाईप व्ही-आठ इंजिनाला असतो. त्यात चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचा धूर वेगवेगळ्या पायपातून येतो आणि धक्के एकसारखे बसत नाहीत, म्हणून सायलेन्सरच्या आधी दोन्ही पाईप एकमेकांना जोडतात. आपल्या गाडीला एका रांगेत चार सिलिंडर, सगळ्यांचा धूर गोळा करणारा एकच मॅनिफोल्ड, एक टर्बो, टर्बोतून निघणारा पाईपही एकच. सगळा धूर आधीच एकत्र येऊन शेवटी नुसता दोन फाट्यांत जातो. तिथं बॅलन्स करायला शिल्लक काय राहतं? काहीही नाही. कुणी चार सिलिंडरच्या गाडीला हा पाईप विकायला आला तर तिथूनच गाडी काढा.

हिशेब असा: स्टेनलेसचा, 304 ग्रेडचा पाईप 9,500, फ्लँज-क्लॅम्प 2,200, वेल्डिंग मजुरी 3,000 आणि 'ट्यूनिंग' म्हणून 3,800. एकूण 18,500. त्यातले 10,000 क्यूआरवर, उरलेले रोख. बिल वहीच्या पानावर, त्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर. क्यूआर कुणाच्या नावावर आहे ते पैसे पाठवायच्या आधी वाचा. मी नंतर वाचलं, तर नाव भलत्याच माणसाचं निघालं.

आता ती गोष्ट सांगतो, जी आठवली की रात्री झोप लागत नाही. माझा भाचा आयटीआयला आहे, त्या दिवशी सोबत होता. आम्ही चहा पिऊन आलो तोवर पाईप बसलासुद्धा होता, अर्ध्या तासात. पोरानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्यांनी पायपाला भोक कधी पाडलं?" मिस्त्री हसला, म्हणाला, "शिकतोयस अजून." आणि मी, एकोणीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, पोराला म्हणालो, "गप बस, मोठ्यांच्या मधे बोलू नको." आडव्या पायपात धूर जायचा तर दोन्ही टेलपाईपला भोक पाडावं लागतं, पण खाली कापलेल्या पत्र्याचा तुकडा नव्हता की ग्राइंडरचा भुसा नव्हता. गाडी चालू केली तर आवाज होता तसाच. इतकं सगळं समोर असताना मला दिसलं नाही. चारचौघांत पोरानं आपल्याला अक्कल शिकवली याचीच लाज वाटली मला.

ट्रायलला त्यानं किणी टोलपर्यंत मोकळी गाडी नेऊन आणली आणि अकराचं अॅव्हरेज दाखवलं. मोकळ्या गाडीला ते आधीही पडत होतं! भरल्या गाडीवर, टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तर आधी 8.5 होतं, नंतर 8.4. ट्रायल घ्यायची तर नेहमीच्या रस्त्याला, नेहमीचा माल भरूनच घ्या.

तीन आठवड्यांच्या पावसात 'स्टेनलेस' पायपाला तांबडा गंज चढला. वरचा चंदेरी रंग नखानं निघाला. खिशात साधं लोहचुंबक ठेवा, 304 ला ते असं घट्ट चिकटत नाही. मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पाईप कापून काढला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. आतून कोरा करकरीत, काजळीचा ठिपका नाही. दोन्ही टोकं टेलपाईपला बाहेरून नुसती वेल्ड केलेली, भोक नाहीच. भाचा बरोबर होता. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह केबलही काढली नव्हती. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उडाला असता तर केवढ्याला पडलं असतं! काढणावळ 1,200, दोन खेपा बुडाल्या त्याचे 6,400. सगळे मिळून 26,100 रुपये गेले.

पाईप घेऊन पोलिसांत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेत, मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." अहो, फसवणुकीत माणूस स्वतःच्याच हातानं पैसे देतो! मारून-धमकावून घेतले तर त्याला जबरी चोरी म्हणतात. भारतीय न्याय संहितेत कलम 318 मग कशाला घातलंय? तीन वेळा गेलो. एकदा साहेब बंदोबस्तात, एकदा जेवायला, तिसऱ्या वेळी अर्ज घेतला पण पोच द्यायला नकार. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, मी हललो.

परिवहन खात्यातल्या एका साहेबांना भेटलो तर उलट मलाच प्रश्न: "एक्झॉस्टमध्ये बदल करायला परवानगी घेतली होती का?" मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून दाखवलं. विनापरवाना बदल केला तर मालकाला 5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मान्य, कायदा आहे, आणि तो मला आधी माहीत असायला हवा होता. पण तो पाईप लावून पैसे घेणाऱ्याबद्दल एक शब्द नाही! टेबलावर भोक नसलेला पाईप ठेवला होता, त्याला हातसुद्धा लावला नाही. फसलेला मी, आणि आरोपीसारखा उभाही मीच. घामाचे पैसे गेल्यावर माणसानं जायचं तरी कुठं?

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळं वकिलाच्या खर्चाला घाबरून गप्प बसू नका. जुने मिस्त्री लेखी द्यायला तयार आहेत. पाईप कापतानाचा व्हिडिओ भाच्यानं काढलाय.

हायवेकडेला अशाच 'बॅलन्स पाईप'ला कुणी पैसे दिले असतील तर तो कापायच्या आधी फोटो काढा, क्यूआरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. आयोगाच्या परवानगीनं अनेकांना मिळून एक तक्रार देता येते. माझा पाईप घरी पोत्यात बांधून ठेवलाय, ज्याला बघायचा असेल त्यानं येऊन बघावा.