न्यूडीची कोरी जीन्स : एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

नोकरीनिमित्त स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे राहत असल्यामुळे न्यूडी जीन्स ही इथलीच कंपनी रोज डोळ्यांसमोर होती. तरीही एका जीन्ससाठी दीडशे युरो मोजायला मन धजत नव्हते. अखेर गेल्या वर्षी थंडी सुरू होताना मी त्यांची ‘ग्रिटी जॅक्सन’ या सरळ बेताची ‘ड्राय’ जीन्स, म्हणजे विणून शिवल्यानंतर एकदाही न धुतलेली, घेतली आणि तेव्हापासून बहुतेक रोज तीच वापरतो आहे.

सुरुवातीला कापड इतके ताठ होते की जिना चढताना गुडघ्याशी अडत असे. पहिले काही आठवडे नखांच्या कडा निळसर राहत आणि घरातल्या फिकट सोफ्यावर बसण्यास मला सक्त मनाई होती. डेनिमचा उभा धागा निळीच्या टाकीत कितीही वेळा बुडवून हवेत धरला तरी रंग त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे वरचा थर जिथे घासला जातो तिथे आतला पांढरा कापूस डोकावू लागतो. माझ्या मागच्या खिशावर पाकिटाची चौकट उमटली आहे, गुडघ्यांमागे सुरकुत्यांची जाळी पडली आहे, आणि सायकलच्या साखळीपासून जपण्यासाठी उजवा पाय रोज दुमडत असल्याने घोट्याच्या वर एक आडवी पांढरट रेघ आली आहे, जी डाव्या पायावर नाही.

पहिल्या धुण्याआधी सुमारे सहा महिने थांबा, असे कंपनी सांगते. मी तितका धीर धरला नाही. उलटी करून, थंड पाण्यात, एकटीच धुतली. कमरेत किंचित आवळली आणि दोन दिवसांत पूर्ववत झाली. मुंबईच्या घामट उन्हाळ्यात तर हा सल्ला कोणी मनावरच घेऊ नये; रंगातील चढउतार थोडे सौम्य येतील, इतकेच.

‘ली’ या जीन्सच्या कंपनीत काम केलेल्या मारिया एरिक्सन यांनी 2001 मध्ये ही कंपनी सुरू केली, तेव्हा महाग जीन्स म्हणजे कारखान्यातच जुनी करून आणलेली जीन्स, असे समीकरण रूढ होते. तो जुनेपणा आणण्यासाठी कापडावर वाळूचा मारा केला जाई. त्या धुळीने तुर्कस्तानातील कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार जडू लागला आणि तिथे 2009 मध्ये या पद्धतीवर बंदी आली. कोरे कापड विकून ते जुने करण्याचे काम गिऱ्हाईकाकडेच सोपवणे ही न्यूडीची चतुराई होती, आणि व्यापाराच्या दृष्टीने ती फार सोयीची होती हेही नाकारता येत नाही. 2012 पर्यंत त्यांच्या जीन्सचा सगळा कापूस सेंद्रिय झाला. तिरुपूरमध्ये टी-शर्ट शिवणाऱ्या कामगारांना जगण्यापुरते वेतन मिळावे म्हणून कंपनीने आपला वाटा देण्यास सुरुवात केली. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच; तथापि माझ्या मते नाव झाले ते दुरुस्तीमुळे.

त्यांच्या दुकानात त्यांची कोणतीही जीन्स, कितीही जुनी असो, फुकट दुरुस्त करून मिळते. सायकलच्या सीटवर घासून माझ्या जीन्सचे कापड जांघेत विरले, जे कोणत्याही सुती डेनिमचे होतेच. दुरुस्तीला देताना मात्र जीन्स धुतलेली असावी लागते, हा विनोद त्यांच्या लक्षात आला असेलच. परत मिळाली तेव्हा आतून तशाच कापडाचा तुकडा लावलेला होता आणि वरून निळ्या दोऱ्याचे दाट टाके विणीच्या तिरप्या रेघांना धरून इतके नेटके घातले होते की बोट फिरवल्याखेरीज कळू नये. दुकानातला कारागीर गिऱ्हाइकांच्या देखतच यंत्रावर बसलेला असतो. नव्या मालाच्या मांडणीशेजारी ठिगळांचा ढीग ठेवण्याइतकी चांगली जाहिरात मला दुसरी ठाऊक नाही.

म्हणूनच ही किंमत दुरुस्तीसकट धरली तर मला पटते, केवळ कापडाची धरली तर नाही. तितक्याच जाड आणि चांगल्या विणीचे कापड कमी पैशांत मिळू शकते. ज्यांच्या गावात त्यांचे दुकान नाही त्यांना कंपनी सुईदोरा आणि कापडाचा तुकडा पाठवते. पण तसे ठिगळ घरी लावणे सगळ्यांना जमणारे नाही. पुण्या-मुंबईत ज्यांच्या ओळखीचा चांगला रफूवाला आहे, त्यांनी साधी, जाड, शंभर टक्के सुती जीन्स घेऊन त्याच्याकडे नेली, तर या सगळ्यातला मोठा भाग त्यांना बराच स्वस्तात साधेल.