सेटिरिझिन दहा महिने रोज घेतली, बंद केल्यावर काय झालं ते सांगते

सेटिरिझिन ही शिंका, नाक गळणं अशा ॲलर्जीवरची गोळी, ते सगळ्यांना माहितीये. मी गेल्या श्रावणापासून रोज रात्री १० मिग्रॅची एक घेत होते. धायरीत आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं वाढतं, त्याला फुलं आली की उठल्या उठल्या माझ्या शिंका सुरू, नाक गळतंय, डोळे चुरचुरतायत, आणि पावसाळा संपला की रस्त्याची धूळ आहेच. गोळीने तासाभरात बरं वाटायचं. दहा गोळ्यांची स्ट्रिप वीस रुपयांच्या आत, त्यामुळे तर जास्तच खूश होते. सकाळी जरा गुंगी, तोंड कोरडं, बाकी काही नाही. तेव्हा कोणी विचारलं असतं तर बिनधास्त घे म्हटलं असतं.

आता नाही म्हणणार. मे महिन्यात शिंका थांबल्या, म्हटलं आता कशाला, आणि एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री तळहात-तळपायांना खाज सुटली, मग पाठ, मग डोकं. पुरळ नाही, गांधी नाही, कातडी अगदी साफ, पण रात्री दोन वाजता नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळून तळव्यांना लावून बसले होते आणि नवरा कंगव्याने पाठ खाजवून देत होता. मी साबण बदलला, चादरी उकळल्या, वांगी बंद केली. शेवटी गोळी घेतली तर सकाळपर्यंत खाज गेली, मग मला खात्रीच पटली की ॲलर्जीच आहे. असं दोनदा झालं!

स्किनच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, खाज गोळी चालू असताना येते की सोडल्यावर? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२५ मध्ये सेटिरिझिन आणि तिच्याच जातीच्या लेव्होसेटिरिझिनबद्दल हाच इशारा दिलाय, बरेच महिने रोज घेऊन थांबवली की काही दिवसांत भयंकर खाज येऊ शकते, पुरळ नसतानाही. दुर्मिळ आहे, त्यांनी २०९ केसेस मोजल्यात. असेल दुर्मिळ, पण दहा महिने एकाच मेडिकलमधून स्ट्रिपा नेल्या, एकदाही कोणी विचारलं नाही की ताई, रोज घेताय का, आणि त्याचा मला अजून राग येतो.

डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलंय, आधी अर्धी, आता एक दिवसाआड अर्धी. प्लॉटवर गवत परत गुडघ्याएवढं झालंय, त्यासाठी या वेळी नाकातला स्प्रे दिलाय. काल रात्री बांगड्यांखाली जरा खाजलं, पण गोळी न घेता झोपले.