कॅसेट टू एमपी३ कन्व्हर्टर: कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

'कॅसेट टू एमपी३ कन्व्हर्टर' असं ऑनलाइन शोधलं की वॉकमनच्या आकाराचा एकच काळा-चंदेरी डबा निरनिराळ्या नावांनी समोर येतो. किंमत साधारण दीड ते तीन हजार. वरचा स्टिकर कुठलाही असो, आतला माल बराचसा सारखाच, म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं न करता या अख्ख्या जातीचं केलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. दुकानातून विकत घेतलेल्या छापील कॅसेटसाठी हा डबा घेऊ नका. ती गाणी कुठल्याही ॲपवर याहून कितीतरी स्वच्छ ऐकायला मिळतात. घरी भरलेल्या कॅसेट असतील तर मात्र जरूर घ्या. वहीच्या पानावर यादी लिहून, कोरी सी-६० किंवा सी-९० (६० किंवा ९० मिनिटांची) कॅसेट देऊन दुकानातून भरून आणलेली आवडत्या गाण्यांची कॅसेट. रेडिओवर 'आपली आवड' लागलं की टू-इन-वनचं, म्हणजे रेडिओसकट टेपरेकॉर्डरचं, प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबून पकडलेली गाणी. बारशाचे पाळणे, मंगलाष्टकं, आजीच्या ओव्या. गाणं सगळीकडे मिळेल, पण फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचणारा निवेदक आणि मागून 'अरे, हळू बोला, रेकॉर्डिंग चालू आहे' म्हणणारा आवाज त्या एकाच फितीवर आहे.

डब्याचे दोन प्रकार आहेत. पहिला यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडायचा. दुसऱ्यात पेनड्राइव्ह खोचला की तो स्वतःच एमपी३ बनवतो. दुसरा सोपा वाटतो, पण पहिलाच घ्या. पेनड्राइव्हवाले बहुधा १२८ केबीपीएसवर, म्हणजे बेताच्या दर्जात भरतात, आवाजाची पातळी दाखवत नाहीत आणि शांतता आली की आपोआप नवी फाइल सुरू करतात. ख्यालातली विश्रांतीची जागा त्यांना गाण्याचा शेवट वाटते. उलट रेडिओवरून भरलेल्या कॅसेटमध्ये निवेदन आणि गाणं सलग असल्यामुळे तिथे एकही तुकडा पडत नाही. तरीही तोच घ्यायचा असेल, तर ही आपोआप तोडण्याची सोय बंद करता येते का ते आधी पाहा.

कॉम्प्युटरला जोडल्यावर पहिली गफलत विंडोज करतं. ते या डब्याला मायक्रोफोन समजतं, कधी एकाच चॅनेलवर ठेवतं आणि वर स्वतःची 'सुधारणा' चालवतं. त्यामुळे गाण्याचा आवाज मध्येच खाली जातो, वर येतो. साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीत जाऊन त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडा, २ चॅनेल, १६ बिट, ४४१०० हर्ट्झ निवडा आणि एन्हान्समेंट्स पूर्ण बंद करा. सोबतच्या सीडीत ऑडॅसिटी या आवाज भरण्या-कापण्याच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते. तिच्या नादी लागू नका, नवी फुकट उतरवून घ्या. बहुतेक मॉडेलांत डब्यावरचं व्हॉल्यूमचं चाकच रेकॉर्डिंगची पातळी ठरवतं. सर्वांत मोठ्या जागी काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकंच ते फिरवा. एकदा आवाज फाटला की नंतर दुरुस्ती नाही. मागे बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो कॉम्प्युटरच्या यूएसबी वीजपुरवठ्याचा असतो. सेल टाकून किंवा दुसऱ्या पोर्टवर लावून पाहा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे हेड, फितीवरचा आवाज वाचणारा भाग. डब्याला नावं ठेवणाऱ्या निम्म्या तक्रारी 'आवाज रजईखालून आल्यासारखा येतो' अशा असतात, आणि त्यातल्या बऱ्याच डब्याच्या नसतातच. हेड फितीशी बरोबर काटकोनात असावं लागतं. पण घरातल्या टेपरेकॉर्डरचं हेड थोडं तिरकं असेल, तर त्यावर भरलेली कॅसेट त्याच तिरकेपणाने वाजवली तरच वरचे सूर उघडतात. यावर उपाय आहे. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. झाकण काढलं की दिसतो, काही मॉडेलांत त्यासाठी भोकही ठेवलेलं असतं. मूळ जागेवर मार्करने खूण करा, कॅसेट चालू ठेवा, आवाज मोनोवर घ्या आणि स्क्रू अगदी थोडा, एक अष्टमांश फेऱ्याइतका, एकदा इकडे एकदा तिकडे फिरवा. गाण्यातल्या झांजा आणि 'स', 'श' ही अक्षरं जिथे सर्वांत टोकदार ऐकू येतात, ती त्या कॅसेटची जागा. दुसऱ्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटची जागा वेगळी, म्हणून हे प्रत्येक कॅसेटला करायचं. एरवी या डब्याला नाकं मुरडणारेही एवढ्या खटपटीनंतर जरा गप्प होतात.

वेगाची भानगड याहून किचकट. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. हे डबे बऱ्याचदा दोन-तीन टक्के जोरात पळतात. तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर वर, पेटी घेऊन बसलेल्याला लगेच खटकतं. कॅसेटवरचं एखादं गाणं मूळ ध्वनिमुद्रणाशी घड्याळ लावून ताडून पाहा. मूळ २०० सेकंदांचं गाणं १९४ सेकंदांत संपत असेल तर ऑडॅसिटीत वेग उणे ३ टक्के करा. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्यायच वापरायचा, नुसता टेम्पो किंवा नुसती पिच बदलणारा नाही. मात्र डब्याला दोष देण्याआधी दोन-तीन कॅसेट तपासा. भरताना टू-इन-वनचे सेल उतरलेले असतील तर मोटर मंद चाललेली असते. ती फीत आज योग्य वेगाच्या यंत्रावरही पळतेच, आणि बाजू संपत येते तसतशी आणखी पळते. अशा वेळी प्रत्येक गाण्याला वेगळा आकडा लागतो. लांब सुरातला थरथराट मात्र या डब्यावर कशानेच जात नाही. आतलं फ्लायव्हील, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारं चाक, हलकं असल्याचा तो परिणाम आहे. बासरी किंवा पेटीचा धरलेला सूर ऐका, डब्याची लायकी तिथे कळते.

कॅसेटची तयारी केल्याशिवाय ती आत घालू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. खिडकीतून पांढरट पावडर दिसली तर तोंडाला मास्क लावा आणि आधी ती पुसून काढा. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट तळहातावर सपाट आपटून मोकळी करायची, मग शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळायची. हे काम दणकट टेपरेकॉर्डरवर किंवा षटकोनी पेन्सिलीने करा, या डब्याच्या मोटरमध्ये तेवढा दम नाही. सी-१२० ची फीत फार पातळ, ती अडकून चुरगळते. फितीमागची फेल्टची गादी गोंद सुकून गळून पडलेली असेल तर आवाज मंद होतो आणि हेलकावे खातो. पाच स्क्रूंची एखादी टाकाऊ कॅसेट उघडून तिची पत्ती-गादी इकडे बसवा. हेड, फीत ओढणारी दांडी आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, जुन्या कॅसेट असतील तर प्रत्येक बाजूनंतर.

रेकॉर्ड बटणही असलेला डबा घेतलात तर कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिक चकत्या आधी तोडा. चुकीचं बटण दाबून आजीचा आवाज पुसला जायला एक क्षण पुरतो.

भरताना एक बाजू एक फाइल, सुरुवातीच्या खटक्यापासून शेवटच्या खटक्यापर्यंत, काहीही न कापता. सी-९० ला दीड तास लागणारच, तिथे शॉर्टकट नाही. डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइलीत मिनिटाला साधारण १० एमबी होतात, दर्जा न घटवता दाबणाऱ्या एफएलएसीमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. ही मूळ प्रत जपून ठेवा आणि सफाई दुसऱ्या प्रतीवर करा. नॉइज रिडक्शनसाठी दोन गाण्यांमधली नुसती सरसर निवडा आणि ६ डेसिबलवर थांबा. जास्त ओढलं की गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो आणि तानपुरा तर सरसरीबरोबरच खरवडून निघतो. मग ऐकता ऐकता कंट्रोल-एम दाबून प्रत्येक गाण्याला लेबल लावा आणि लेबलांप्रमाणे वेगळ्या फाइली काढा. निवेदन त्या-त्या गाण्याला चिकटूनच राहू द्या.

कोणी भरली, कोणासाठी, कुठल्या गावात, यादी कोणाच्या हातची, हे टॅगच्या, म्हणजे फाइलीतच साठणाऱ्या माहितीच्या, कॉमेंटमध्ये लिहाच, पण बरेच प्लेअर कॉमेंट दाखवत नाहीत. म्हणून त्याच फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाइल आणि कव्हरमधल्या कागदाचा फोटोही ठेवा. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दिलेलं नाव तसंच राहतं. चित्रपटाची गाणी यूट्यूबवर चढवू नका, हक्कवाल्यांचा दावा येतो.

पंचवीस-तीसहून जास्त कॅसेट असतील तर मात्र या डब्याऐवजी जुना चांगला डेक, म्हणजे म्युझिक सिस्टिमला जोडायचं मोठं कॅसेट यंत्र, शोधा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, किंवा एखाद्या काकांचा माळा. त्याचे आतले रबरी पट्टे विरघळून डांबर झालेले असतील, ते बदलून घ्यायचे आणि लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लावायचं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात वायर खुपसून चालत नाही, तिथे मोनो माइक असतो. खर्च वाढतो, पण थरथराट जातो.

डबा मागवलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी तपासा. स्टिरिओ छापील कॅसेट लावून ऑडॅसिटीत डावी-उजवी लाट खरंच वेगळी दिसते का, कारण काही डबे स्टिरिओ म्हणून विकतात आणि दोन्हीकडे तेच पाठवतात. एखादं गाणं घड्याळाशी ताडून पाहा. आणि सी-९० ची एक बाजू शेवटपर्यंत चालू द्या. भरलेलं चाक जड झाल्यावर जो डबा रडतो तो त्याच दिवशी परत.