काल्पनिक जगाची ओळख: कादंबरीत किती, खेळात किती?

स्वतःचे काल्पनिक जग उभे करणाऱ्याला लवकरच ठरवावे लागते की त्या जगाचे नियम, इतिहास आणि भूगोल आधी नीट समजावून सांगायचे, की ओघात जेवढे कळेल तेवढ्यावर भागवायचे. दोन्ही पद्धतींनी उत्तम काम झालेले आहे. मात्र कादंबरी लिहिणारा आणि रोलप्लेइंग गेम (खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळतात तो खेळ) चालवणारा यांनी हा निर्णय एकाच मापाने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण वाचकाला न कळलेली गोष्ट पन्नास पानांनी कळली तरी चालते, खेळाडूला मात्र त्याच क्षणी काहीतरी करायचे असते.

कादंबरीत सविस्तर मांडणीचा दाखला म्हणून टोल्किन यांचे नाव पुढे केले जाते, पण त्यांच्या पुस्तकांची रचना पाहिली तर तो दाखला उलट बाजूलाच जातो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये प्रस्तावना आणि अंगठीचा इतिहास सांगणारे सभेचे प्रकरण सोडले, तर कालगणना, वंशावळी आणि लिप्या यांची तपशीलवार माहिती 1955 मध्ये आलेल्या तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टांत ठेवलेली आहे, आणि त्या जगाचा प्राचीन इतिहास सांगणारे ‘द सिल्मरिलियन’ तर लेखकाच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर वाचकांनी पडक्या बुरुजांचे आणि जुन्या राजांचे ओझरते उल्लेख वाचले आणि त्यांना त्या जगाची खोली जाणवली. कादंबरीकाराने म्हणूनच कमी सांगण्याकडे झुकावे.

याला एक मोठा अपवाद आहे. नायकाची सुटका जादूने होणार असेल, तर त्या जादूची मर्यादा आणि किंमत वाचकाला आधीच माहीत असली पाहिजे, नाहीतर शेवट फुकटचा वाटतो. कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी 2007 मध्ये मांडलेला नियम हाच आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकाच तिचा उपयोग पेच सोडवण्यासाठी समाधानकारकपणे करता येतो. जादू केवळ भय किंवा विस्मय निर्माण करण्यासाठी असेल, तर ती खुशाल अगम्य राहू द्यावी.

खेळात चित्र बदलते. समजा, नगराच्या वेशीवर पहारेकरी विचारतो, ‘शस्त्रे आहेत का?’ आणि खेळाडू म्हणतो, ‘नाही.’ त्यावर गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, जाहीर केले की या नगरात खोटे बोलणाऱ्याची जीभ निळी पडते, तर खेळाडूला फसवल्यासारखे वाटेल आणि ते योग्यच आहे. त्याचे पात्र याच नगरात लहानाचे मोठे झालेले असेल, तर ही गोष्ट त्याला केव्हाच ठाऊक असणार. पात्राला जे सहज माहीत असते आणि ज्यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो, ते उत्तर मागण्यापूर्वी सांगणे ही गेम मास्टरची जबाबदारी आहे. नगराची स्थापना कोणी केली, हे मात्र कोणी विचारले तरच सांगावे.

तयार जग घ्यावे की कोरा नकाशा, हा पुढचा प्रश्न. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग गेमसाठी 1987 मध्ये स्वतंत्र संच म्हणून आलेल्या ‘फरगॉटन रिल्म्स’सारख्या जगात नावे, देव आणि सत्तासंघर्ष आयते मिळतात, पण एखाद्या खेळाडूने गेम मास्टरपेक्षा जास्त वाचलेले असले की खेळ अडखळतो. याउलट, 2012 चा ‘डंजन वर्ल्ड’ हा खेळ नकाशे काढा पण जागा रिकाम्या सोडा, असे तत्त्वच सांगतो. त्यात खेळाडूंची भर पडते, पण गेम मास्टरला आयत्या वेळी सुचावे लागते आणि सुचलेले लक्षातही ठेवावे लागते. नवख्या, एकमेकांना अनोळखी गटासाठी मी तयार जगातले एखादेच गाव निवडेन आणि त्याची एका पानात मावेल एवढीच माहिती आधी हाती देईन. जुळलेल्या गटासाठी कोरा नकाशा.

खेळाच्या टिपणांवरून कादंबरी लिहू पाहणाऱ्याने ते एक पानही वाचकासमोर ठेवू नये. त्यातला नियम एखाद्या पात्राला जिथे अडवतो, तिथेच तो प्रथम दिसू द्यावा.